फाईल बंद करण्याचं शुल्क

फोन आला तेव्हा तो एका अनोळखी म्हाताऱ्याच्या खालच्या हिरड्यांवर मेण चढवत होता. हिरड्या प्लास्टरच्या. म्हातारा स्वतः कुठेतरी घरी बोळकं तोंड घेऊन कवळीची वाट पाहत बसला असणार. कवळ्या बनवणाऱ्याच्या टेबलावर माणसं कधी येत नाहीत, त्यांची तोंडं तेवढी येतात, आणि ती उघडी असूनही गप्प असतात. या गप्पपणामुळेच त्याला हे काम आवडायचं. त्याने नंबर न बघताच फोन खांद्याने कानाशी दाबला आणि हातातली तापलेली सुरी तशीच धरून ठेवली. बँकेतली बाई होती. आवाज थकलेला, पण वाईट नव्हता. "मार्चपासून तुमच्याकडून काहीच जमा झालेलं नाही," ती म्हणाली. तो हसला. खरंच हसला, कारण या प्रश्नाचं उत्तर त्याच्याजवळ तयार होतं आणि कित्येक वर्षांत कुणा बँकवाल्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याजवळ तयार नव्हतं. "होतंय की जमा. दर महिन्याला. मी कर्ज सल्ला केंद्रात भरतो, ते पुढे तुमच्याकडे पाठवतात. त्यांचं तुमच्याशी बोलणं झालंय." पलीकडे टकटक झाली, काहीतरी शोधलं गेलं. मग बाईने विचारलं, "कुठलं केंद्र?"

तिच्या विचारण्यात संशय नव्हता, टोमणाही नव्हता. एखाद्याने आपल्या गावाचं नाव सांगावं आणि समोरच्याने ते कधी ऐकलेलंच नसावं, तसं ते 'कुठलं' होतं. सुरी मेणातून घसरली आणि त्याच्या अंगठ्यावर टेकली. त्याला चटका आधी कळलाच नाही, वास आला. म्हाताऱ्याची मेणाची हिरडी एका बाजूने वाहून गेली होती. "मी बघतो," तो म्हणाला, "मी त्यांना विचारून सांगतो," आणि फोन ठेवल्यावर त्याने खरंच पहिल्यांदा काय केलं तर हिरडी नीट केली. मेण पुन्हा चढवलं, कडा गुळगुळीत केल्या. हात आपोआप चालत होते, आणि ते चालतायत तोवर काहीच घडलेलं नाही असं त्याला वाटत होतं.

मग त्याने केंद्राला फोन लावला. तिथली मुलगी नेहमीसारखी गोड बोलली. तिने त्याची फाईल उघडली आणि वाचून दाखवली. आतापर्यंत भरलेली सगळी रक्कम प्रवेश शुल्क, वाटाघाटी शुल्क आणि फाईल-सांभाळ शुल्क यांत वळती झालेली आहे. ते पूर्ण फिटलं की बँकेशी बोलणी सुरू होतील. "म्हणजे अजून सुरूच झालेली नाहीत?" त्याने विचारलं. "होतील ना सर," ती म्हणाली, "अगदी थोडं राहिलंय तुमचं." तिच्या आवाजात कौतुक होतं. जणू तो परीक्षेला बसलेला मुलगा होता आणि पास व्हायला दोन-चार गुण कमी पडत होते.

बरं वाटत नाही असं मालकाला सांगून तो निघाला. रस्ता दुपारचा होता, दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं डबे उघडून बसली होती. अंगठा तोंडात धरून चालताना त्याला केंद्रातला तो पहिला दिवस आठवत होता, आणि रागाच्या आधी त्याला त्या दिवसाची हुरहूरच लागली. केवढा सुंदर दिवस होता तो! गालिचा घातलेली खोली, कोपऱ्यात प्लास्टिकची पण रोज पुसलेली झाडं, पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे ठेवताना त्याखाली घातलेला कागदी रुमाल. आणि तो सल्लागार. पुढचे दोन दात बसवलेले होते, पण इतके सुरेख की त्याच्यासारख्या माणसालाच ते कळावं. त्या दातांतून तो म्हणाला होता, "आधी एक सांगतो. तुम्ही एकटे नाही आहात. आणि यात तुमची चूक नाही." स्वतःची प्रयोगशाळा काढण्यासाठी दात कोरणारं यंत्र कर्जावर घेतल्यापासून, काम देऊ म्हणणारे दंतवैद्य एकेक करून मोठ्या कंपनीकडे वळल्यापासून, यंत्राचे हप्ते कार्डावर आणि कार्डाचे हप्ते दुसऱ्या कार्डावर ढकलायला लागल्यापासून, यंत्र विकून पुन्हा दुसऱ्याच्या नोकरीत खाली मान घालून बसल्यापासून हे वाक्य त्याला कुणी म्हटलं नव्हतं. म्हणणार तरी कोण? त्याने कुणाला धड सांगितलंच नव्हतं. बायकोला यंत्राचं कर्ज ठाऊक होतं, कार्डांचं नव्हतं. सल्लागार म्हणाला, पहिला सल्ला मोफत, आणि तो सल्ला असा होता की आता कुणाचे फोन उचलू नका, आमच्याकडे दरमहा एकच रक्कम भरा, बाकी आम्ही बघतो. 'आम्ही बघतो' एवढं ऐकलं आणि त्याने सही केली. कुठे केली ते त्याला आठवत नव्हतं, पेन जड आणि गार होतं एवढं आठवत होतं. घरी जाऊन तो दिवसाउजेडी झोपला, लहानपणी ताप उतरल्यावर झोपायचा तसा. आता चालता चालता त्याला कळलं की त्याने सगळे पैसे मोजले होते ते त्या एका वाक्यासाठी आणि त्या एका झोपेसाठी, आणि लाज वाटण्यासारखी गोष्ट अशी की तरीही ते त्याला अगदीच महाग वाटत नव्हते.

घरी सासूबाई होत्या. या वेळी घरी कुणी असतं हे तो विसरलाच होता. सासरे गेल्यावर आणि मग खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर त्या त्यांच्याकडे राहायला आल्या होत्या. आता खुर्चीची पाठ धरून एक पाय मागे उचलायचा व्यायाम करत होत्या. सगळा जन्म त्यांनी तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवण्यात घालवला होता. पाण्याच्या आणि पोरांच्या गोंगाटावरून पलीकडच्या टोकाला आवाज पोचवायची सवय त्यांना लागली होती, आणि निवृत्त झाल्यावर ती सुटली नव्हती. तलावावरची पोरं त्यांना 'शिट्टी' म्हणायची. गळ्यात शिट्टी असूनही त्यांनी ती क्वचितच फुंकली, कारण त्यांना तिची गरज पडत नसे. बायको सांगायची की शाळेत असताना ती आईबरोबर रस्त्याने जायला टाळायची. ती स्वतः हळू बोलायची, जणू घरातला आवाजाचा सगळा वाटा आईनेच संपवला होता. तोही सासूबाई आल्यापासून खिडक्या लावून घेत असे. त्या 'मीठ कुठंय?' असं विचारायच्या तेव्हा वरच्या मजल्यावरच्यालाही कळायचं.

"लवकर आलात," त्या म्हणाल्या. मग पाय खाली ठेवून त्याच्याकडे नीट पाहिलं. "काय झालं?"

"काही नाही. अंगठा भाजला."

"अंगठ्याला कुणी असं तोंड करत नाही." त्या खुर्चीवर बसल्या. "पैशाचं आहे का?"

कसं ओळखलं असं विचारायचं त्याच्या मनात आलं, पण ते विचारणं म्हणजे कबूलच करणं होतं.

"किती?" त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत हा शब्द कुणी इतका साधा उच्चारला नव्हता. केंद्रात 'एकूण दायित्व' होतं, बँकेत 'थकबाकी' होती, त्याच्या स्वतःच्या डोक्यात तर त्याला नावच नव्हतं, ती फक्त पहाटे छातीवर येऊन बसणारी एक वस्तू होती. त्याने आकडा सांगितला. सांगताना आवाज अर्ध्यात तुटला, पुन्हा पहिल्यापासून सांगावा लागला. तो त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. डोळे विस्फारतील, हात कपाळाला जाईल, लेकीच्या नशिबाबद्दल काहीतरी निघेल. त्यांनी आकडा ऐकला आणि मान हलवली, एखाद्या मुलाने वय सांगावं तशी.

"आणि आज नवीन काय झालं?"

मग त्याने केंद्राचं सांगितलं. सांगताना त्याला जाणवलं की कर्जापेक्षा हे सांगायला जास्त जड जातंय. कर्ज होणं एक वेळ समजता येतं, पण कर्जातून सुटायला गेलेला माणूस पुन्हा नाडला जातो तेव्हा त्याला मूर्ख याशिवाय दुसरा शब्द नसतो, आणि तो शब्द त्याने स्वतःसाठी वापरला. "तो मूर्खपणा नाही हो," सासूबाई म्हणाल्या. "बुडणारा माणूस हात धरणाऱ्याचं ओळखपत्र मागत नाही. पण त्यांनी हात धरून खिसा मारला. उद्या जाऊ आपण."

"नको आई. मी एकटा जाईन."

"तुम्ही एकटे गेलात की ते तुम्हाला पाणी देतील आणि तुम्ही ते पिऊन परत याल." हे इतकं खरं होतं की तो हसला. त्या हसल्या नाहीत. "पण त्याआधी संध्याकाळी तिला सांगायचं. सगळं. मी तिची आई आहे. मला तिच्यापासून लपवायला लावू नका, ते मला जमणार नाही. आणि माझ्या आवाजात तर मुळीच जमणार नाही."

संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं. ती कामावरून आली होती, पायातली चप्पल काढायची राहिली होती, तशीच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिने ऐकलं. सासूबाई मुद्दाम पायऱ्या उतरून खाली गेल्या होत्या, डॉक्टरांनी मनाई केलेली असूनही. बायकोने किती ते विचारलं नाही. तिने विचारलं, "कधीपासून?" आणि त्याने उत्तर देण्याआधीच ती आत निघून गेली, कारण तिला ते उत्तर नको होतं, किंवा ते तिने स्वतःच जुळवायला घेतलं होतं. ती सहल जी त्याने पाठदुखीच्या निमित्ताने टाळली. तो फोन जो तो बाल्कनीत जाऊन घ्यायचा. गेल्या वर्षी तिने हौसेने आणलेला कोट त्याने दुकानात परत करायला लावला, रंग खुलत नाही म्हणून. तिला भिंतीपलीकडे एकेक गोष्ट सापडताना त्याला जणू ऐकू येत होतं. ती रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती भांडी लावत राहिली, नेहमीपेक्षा हळू, एकाही भांड्याचा आवाज होऊ न देता.

दुसऱ्या दिवशी सासूबाई तयार होऊन बसल्या होत्या. चांगले कपडे, काठी, आणि मांडीवर मोठी पिशवी. पिशवीत काय आहे असं त्याने विचारलं तर म्हणाल्या, "डबा. अशा लोकांना वाटत असतं, भूक लागली की आपण निघून जाऊ." बसमध्ये त्याने पाहिलं की पिशवीच्या बंदाला त्यांनी एवढं घट्ट धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी झाली होती. त्याला नवल वाटलं. या बाईला भीती वाटते ही शक्यताच त्याच्या डोक्यात कधी आली नव्हती. "आई, बरं वाटतंय ना?" त्याने विचारलं. "नाही," त्या म्हणाल्या, त्यांच्या मानाने हळू, म्हणजे फक्त पुढच्या दोन बाकांना ऐकू जाईल इतकं. "मला लाज वाटते अशा ठिकाणी. सगळ्यांना वाटते तशीच. फक्त लाज वाटली की थोड्या वेळाने माझा आवाज बसतो. म्हणून तो बसायच्या आत मी बोलून घेते. तुम्हाला वाटतं तुमची सासू वाघीण आहे. तसं काही नाही." आणि त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. तो काही क्षण त्यांच्या कानशिलाकडे, पातळ झालेल्या केसांकडे बघत राहिला. त्या आल्यापासून ज्या आवाजापायी त्याने खिडक्या लावल्या, त्याच्याआड रोज एवढी घाई चाललेली असते हे त्याला ठाऊक नव्हतं.

केंद्रातली बाहेरची खोली भरलेली होती. गणवेशातला एक बसचालक टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. बाजूला केस कापण्याचं दुकान चालवणारी एक बाई होती. तिच्या बाहीला चिकटलेले बारीक केस वाटेत झटकायचे राहिले होते. कोपऱ्यात एक तरुण जोडपं, दोघांच्या मध्ये एक रिकामी खुर्ची सोडून. कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. दवाखान्यातही माणसं एकमेकांना दुखणं विचारतात, इथे तेही नव्हतं. प्रत्येकजण आपण चुकून आलोय, दुसऱ्या कुणाचं तरी काम घेऊन आलोय अशा बेताने बसला होता. तोही गेले कित्येक महिने इथे तसाच बसला होता. मुलीने त्याचं नाव घेतलं तेव्हा तो सवयीने उठला आणि आतल्या दाराकडे वळला. आतून सल्लागारही आला, हसत, हात पुढे करत. "या ना. आत बसून बोलू. आईंसाठी पाणी आणा गं."

"पाणी नको," सासूबाई म्हणाल्या. त्या उभ्याच होत्या. "आणि आतही नको. इथेच बोला की. आत काय वेगळी भाषा आहे?"

सगळ्यांनी वर पाहिलं. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याला वाटलं, आत्ताच्या आत्ता जिन्याकडे निघावं. त्याच्या पायांनी तसं वळणही घेतलं होतं. सल्लागार खालच्या सुरात म्हणाला, "हे यांचं खाजगी आहे, म्हणून म्हणतो. सगळ्यांसमोर बरं दिसत नाही."

"यांचं खाजगी म्हणजे कर्ज ना? हे माझे जावई. यांच्यावर कर्ज आहे." आणि त्यांनी आकडा सांगितला. पूर्ण. तलावाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जावा तसा. आकडा खोलीत उभा राहिला आणि त्याने डोळे मिटून घेतले. त्याला वाटलं, छत खाली येईल. छत आलं नाही. पंखा फिरत होता. बसचालकाने टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवली. कुणी तोंडाला हात लावला नाही, कुणी हसलं नाही. उलट त्याने डोळे उघडले तेव्हा कोपऱ्यातला तो तरुण त्याच्याकडे पाहत होता, आणि त्या पाहण्यात त्याला जे दिसलं ते हेवा नसलं तरी जवळजवळ हेव्यासारखं होतं. आकडा सांगून मोकळा झालेला माणूस होता हा. "झालं," सासूबाई म्हणाल्या. "आता खाजगी काही राहिलं नाही. आता तुमचं सांगा. यांनी भरलेलं सगळं तुमच्या शुल्कात गेलं, बँकेला एक पैसा नाही. हे यांना सही करण्याआधी कुणी सांगितलं?"

"करारात सगळं नमूद आहे."

"नमूद नाही विचारत मी. तोंडाने कुणी सांगितलं?"

सल्लागाराने त्याच्याकडे पाहिलं, तेच समजून घेणारे डोळे, तेच सुरेख दात. "तुम्ही नाराज आहात हे मी समजू शकतो. हवं असेल तर आपण फाईल बंद करू. तुमच्यावर कसलीच सक्ती नाही. फक्त फाईल बंद करण्याचं जे शुल्क आहे तेवढं भरलंत की तुम्ही मोकळे."

मग सासूबाई हसल्या. ठरवून नव्हे, त्यांना खरंच हसू आलं. खांदे हलायला लागले, काठी टेकून त्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, म्हणजे निघून जायचेही पैसे? दाराला कोण बसलंय वसुलीला?" केस कापणाऱ्या बाईच्या तोंडून फिस्सकन काहीतरी निघालं. बसचालक हसला, जाड, न शोभणारं हसू. आणि त्यालाही हसू आलं. पोटातून, दुखत दुखत. ज्या खोलीत तो इतके दिवस श्वास धरून बसला होता तिथे तो आता तोंड उघडं टाकून हसत होता.

हसू ओसरल्यावर सासूबाई खोलीकडे वळल्या. आता आवाज शिकवण्याचा नव्हता, विचारण्याचा होता. "तुम्हाला कुणाला सांगितलं होतं हे?"

सल्लागार म्हणाला, "कृपा करून इतर ग्राहकांना त्रास देऊ नका." मग बसचालक म्हणाला, "मला वाटलं माझं जवळजवळ फिटलं." तो हे सल्लागाराला म्हणाला नाही, टोपीला म्हणाला. "वर्ष झालं. घरी सांगितलंय मी तसं." आणि मान वर करून मुलीला म्हणाला, "माझी फाईल काढा. बँकेला किती गेलं तेवढं सांगा. मोठ्याने." मुलीने सल्लागाराकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता, आणि तीही इथे पगारावर बसलेलीच कुणीतरी आहे हे त्याला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. तिने काही वाचलं नाही. न वाचणं पुरेसं होतं. केस कापणारी बाई उठली. तिच्या मांडीवरची पर्स उघडी होती, पहिला भरणा करायलाच ती आली होती. तिने पर्सची चेन लावली. "मग मी आज नाही देत," ती म्हणाली, आणि सासूबाईंपाशी थांबून, काय बोलावं ते न सुचून, त्यांच्या पिशवीचा सुटलेला बंद नीट करून दिला आणि गेली.

पुढचं सगळं त्या मानाने नीरस होतं. केंद्राचा मालक आला, तो सल्लागारापेक्षा कमी गोड आणि जास्त खरा होता. सासूबाईंनी डबा उघडून खाल्ला, बसचालकालाही दिला. दुपार कलेपर्यंत त्याच्याकडून आणि बसचालकाकडून लिहून घेऊन, दोघांच्या फाईली विनाशुल्क बंद करून काही रक्कम परत द्यायचं ठरलं. पुढे ती आलीही, भरलेल्याच्या निम्म्याहून कमी. बाकीच्यासाठी त्याने आणि बसचालकाने मिळून तक्रार केली. तिचं काय होईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. परतताना बसमध्ये सासूबाईंचा आवाज बसला होता. त्यांनी काहीतरी म्हटलं, त्याला ऐकू आलं नाही, त्याने कान त्यांच्या तोंडाशी नेला. "खुबा दुखतोय," त्या कुजबुजत होत्या. त्याने त्यांची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि त्यांना खिडकीशी टेकून बसू दिलं. त्याला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. आभार हा शब्द तोंडात फिरवून पाहिला, तो लहान वाटला. पाया पडणं बसमध्ये शक्य नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "आई, तुम्ही आकडा बरोबर सांगितलात. मला तो अजून एका दमात सांगता येत नाही." त्यांनी डोळे न उघडता मान हलवली आणि घसा धरून कसंबसं म्हणाल्या, "येईल. बँकेत मात्र मी येणार नाही. तिथे तुम्ही जा. जिने यायला हवं ती ठरवेल यायचं का ते."

बायको पुढचे काही दिवस गरजेपुरतं बोलली. दूध आणलंस का. चावी ठेवलीयस का. रागावलेल्या माणसाबरोबर राहणं आणि दुखावलेल्या माणसाबरोबर राहणं यात फरक असतो, हे त्याला आता कळत होतं. रागावलेला दार आपटतो, दुखावलेला ते हळूच लावून घेतो. त्याने समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. केंद्रात त्याने समजुतीचे शब्द इतके ऐकले होते की आता त्यांचा नुसता सूर लागला तरी त्याला स्वतःचीच शिसारी यायची. बँकेची वेळ त्याने घेतली आणि ती कधीची आहे ते तिला सांगितलं, बस. त्या दिवशी तो बूट घालत असताना ती तयार होऊन बाहेर आली. दाराशी उभी राहिली.

बँकेतला अधिकारी तरुण होता, चष्मा सारखा घसरत होता. अधिकाऱ्याने किती ते विचारलं आणि त्याने आकडा सांगितला. एका दमात नाही, दोन दमांत. मध्ये एकदाच श्वास घ्यावा लागला. बायको शेजारी बसून तो आकडा पहिल्यांदा ऐकत होती. तिने समोरच्या काचेकडे पाहिलं आणि ती पाहतच राहिली. अधिकाऱ्याने विचारलं पगार किती, घरभाडं किती, किती भरणं झेपेल, खरं सांगा, उगाच जास्त सांगू नका. दंड थांबवायचा अर्ज करता येईल, हप्ता लहान होईल, मुदत लांबेल. बरीच लांबेल. तास होऊन गेला. शेवटी उठताना त्याने खिशाला हात लावून विचारलं, "याचे किती?"

"कशाचे?"

"हे सगळं सांगितलंत त्याचे."

अधिकाऱ्याला कळेना. त्याने चष्मा वर सारला. "याचे पैसे नसतात हो," तो म्हणाला, "हे माझं कामच आहे." आणि पुढच्या माणसाला बोलवायला त्याने हात वर केला. तो तसाच उभा राहिला, खिशात हात घालून, बायकोने बाहीला धरून वळवेपर्यंत.

बाहेर ऊन होतं. फुटपाथवर माणसं आपापल्या दिशेने चालली होती. पलीकडच्या बागेच्या कठड्यावर ती जाऊन बसली, तोही बसला, मध्ये थोडी जागा सोडून. वर्षानुवर्षं पुरेल एवढा हप्त्यांचा रस्ता पुढे होता, आणि नवल म्हणजे त्याचं ओझं वाटत नव्हतं. ओझं त्या जागेचं होतं, दोघांच्या मधल्या. ती चपलेच्या टोकाने माती उकरत होती. "आईला तू एका दुपारी सगळं सांगितलंस," ती म्हणाली.

"त्यांनी विचारलं, किती."

"मीही विचारलं होतं."

"हो. तू विचारलं होतंस कधीपासून."

"मग?"

एक बस येऊन थांबली, माणसं उतरली, बस गेली. त्याला वाटत होतं यंत्र घेतलं तिथून सुरुवात करावी, ते सोपं होतं, त्यात दुसऱ्यांच्या चुका होत्या. पण यंत्र तिला ठाऊकच होतं. तिला ठाऊक नसलेलं काय होतं, त्याच्या आधीचं, सगळ्याच्या आधीचं, ते त्याने शोधलं, आणि ते सापडलं तेव्हा ते इतकं लहान होतं की त्याला ते बोलायचा धीर होईना.

"आपण लग्न ठरवलं," तो म्हणाला, "तेव्हा तू विचारलं होतंस, तुला स्वतःचं काही सुरू करायचंय का. मी हो म्हणालो. मला नव्हतं करायचं. मला नुसतं दात बनवायचे होते."

ती वळली. बऱ्याच दिवसांनी तिने त्याच्याकडे पूर्ण पाहिलं.

"मग हो का म्हणालास?"

"तुला आवडेल असं वाटलं."

तिने काही क्षण तोंडावर हात धरला. मग मधली जागा ओलांडून ती त्याच्याजवळ सरकली, पाय वर घेतले, आणि दिवसभराची फुरसत असल्यासारखी मांडी घालून बसली.

"पुढे सांग," ती म्हणाली.